लाईट जाऊन आली की जिनिंगचे वायरलेस फोन अर्धा तास बंद, सर्व्हर मात्र चालूच. कुठं पाहू?

रुईगठाण

राम राम मंडळी. हिंगणघाटच्या पुढं एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये मी कॉम्प्युटरवाला आहे, आणि कॉम्प्युटरवाला म्हणजे वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, कॅमेरे, प्रिंटर, मालकाच्या पोराचा लॅपटॉप आणि आता फोनचा सर्व्हर पण, सगळं आलं त्यात. ज्या एजन्सीनं फोन बसवले तिचा माणूस आता फोनच उचलत नाही. फोन बसवणाराच फोन उचलत नाही, बोला.

सेटअप असा आहे. ऑफिसात एक जुना डेस्कटॉप, त्यावर फ्रीपीबीएक्स १६, म्हणजे फोनचं एक्स्चेंज चालवणारं सॉफ्टवेअर. डेक्टचे, म्हणजे वायरलेस फोनचे, ४ बेस, ऑफिस, काटा, जिन हाऊस आणि प्रेस हाऊस असे लागून, आणि १४ हँडसेट. बेसले करंट पीओई स्विचमधून, म्हणजे नेटवर्कच्याच वायरीतून, जाते. बाहेरच्या कॉलसाठी फायबरवर एक सिप ट्रंक (इंटरनेटवरून येणारी फोन लाईन), आणि एक जुनी लँडलाईन एफएक्सओ गेटवेवर (लँडलाईन सर्व्हरले जोडणारा डबा) ठेवली आहे. पत्र्याच्या शेडात मोबाईलले रेंज नाही म्हणून हे सगळं केलं होतं आणि चांगलं चालते, काट्यावरून गाडी आली की ग्रेडरले फोन, प्रेसवरून गठाणीचा आकडा ऑफिसले, असं दिवसभर सुरू राहते.

आता भानगड ऐका. लाईट गेली आणि दोन मिनिटांत आली तरी जिन हाऊसकडचे सगळे हँडसेट बंद. सर्व्हर यूपीएसवर आहे, तो बंद होतच नाही, स्क्रीन पाहिली तर मजेत चालू. ऑफिसचे फोन लगेच लागतात. जिनवाले मात्र वीस-पंचवीस मिनिटं, कधी अर्धा तास "नो सर्व्हिस", आणि मग काही न करता आपोआप परत. बेस काढून लावला, स्विच काढून लावला, काही फरक नाही.

दुसरं, अशा वेळी बाहेरून आलेल्या कॉलमध्ये आमचं त्याले ऐकू जाते, त्याचं आमाले येत नाही. लँडलाईनवर बरोबर चालते. तिसरं, रात्री लंबी लाईट गेली की सकाळच्या कॉलची तारीख कोणत्या तरी जुन्या सालची पडते, आणि दिवाणजी म्हणतात तुझा सर्व्हर झपाटला आहे.

मालक म्हणून रायले, कायले ही झंझट, सगळं क्लाउडवर टाकून दे. खरंच टाकू का? आणि नाही टाकायचं तर या सर्व्हरची देखभाल म्हणजे नेमकं काय काय करत राहायचं ते सांगा. सीझन तोंडावर आहे.

नेटवर्क_नागपूर

सवाल चांगला लिहिलास, नाहीतर लोक "फोन चालत नाही, मदत करा" एवढंच टाकून गायब होतात.

पहिल्या प्रश्नातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे "काही न करता आपोआप परत". खराब बेस, ढिला क्रिंप, जळलेला पोर्ट, यातलं काहीच स्वतःहून अर्ध्या तासानं बरं होत नाही. घड्याळ लावल्यासारखं बंद आणि घड्याळ लावल्यासारखं चालू म्हणजे कोणीतरी मुदतीची बंदी घातली आहे. आणि फ्रीपीबीएक्समध्ये अशी बंदी घालणारा बहुतेक वेळा फेलटूबॅन असतो, वारंवार चुकीचा पासवर्ड देणाऱ्याला अडवणारा प्रोग्राम. फायरवॉलमध्ये किंवा सिस्टिम ॲडमिनमध्ये इंट्रूजन डिटेक्शन म्हणून पान आहे, पुढच्या वेळी फोन गेले की पहिले ते उघड आणि बंदीच्या यादीत जिन हाऊसच्या बेसचा आयपी आहे का ते पाहा. माझी पैज आहे की आहे.

का ते सांगतो. बेसवर जितके हँडसेट तितकी सिप खाती (सर्व्हरवरची फोनची ओळख), पण सर्व्हरला सगळी एकाच आयपीवरून येताना दिसतात. फोन पहिल्यांदा रजिस्टर, म्हणजे "मी आलो" असा निरोप पाठवतो, सर्व्हर ४०१, म्हणजे "पासवर्ड दे" असं उत्तर देतो, मग फोन पासवर्डसकट परत पाठवतो, हे नेहमीचंच आहे, त्यात घाबरायचं काही नाही. पण पासवर्डसकट पाठवल्यावरही परत ४०१ आला तर पासवर्ड चुकीचा, आणि अशा चुका थोड्या वेळात ठरावीक संख्येच्या वर गेल्या की फेलटूबॅन त्या आयपीवरून येणारं सगळंच अडवतो. त्या बेसमध्ये एखादं जुनं, बदललेलं किंवा काढून टाकलेलं खातं पडून असेल तर एकाच्या उधारीपायी अख्ख्या घराचं राशन बंद. एरवी ते खातं सावकाश प्रयत्न करत असतं म्हणून मर्यादेत राहतं. लाईट आल्यावर बेस नव्यानं चालू होतो, घाईघाईनं वारंवार विचारतो आणि मर्यादा ओलांडतो. ऑफिसच्या बेसमध्ये असं भूत नाही म्हणून तिथले लगेच लागतात.

ॲस्टरिस्कच्या (फ्रीपीबीएक्सच्या आतलं खरं एक्स्चेंज) फुल लॉगमध्ये लाईट आल्याच्या वेळेपासून पाच मिनिटं वाच, ऑथेंटिकेट न झाल्याची ओळ एकाच एक्स्टेन्शनच्या, म्हणजे आतल्या फोन नंबराच्या, नावानं परत परत दिसेल. ते खातं बेसमधून काढ. आणि ऑफिसचं लोकल नेटवर्क बंदीतून वगळायची यादी असते तिथे बेसचे आयपी टाक. पण पहिले भूत काढ, मग यादी. उलटं केलंस तर भूत तसंच राहील आणि लॉग कचऱ्यानं भरत राहील.

एकतर्फी आवाजाचं. फायबरचा राउटर बंद-चालू झाला की बाहेरचा आयपी बदलतो, आणि तुझ्या ॲस्टरिस्क सिप सेटिंग्जमध्ये एक्स्टर्नल ॲड्रेस म्हणून जुनाच लिहिलेला असणार. सर्व्हर समोरच्याला सांगतो "आवाज या पत्त्यावर पाठव", आणि तो पत्ता आता दुसऱ्याच कोणाचा आहे. तुमचा आवाज जातो कारण बाहेर जायला अडचण नाही, त्यांचा येत नाही. लँडलाईनला आयपीच लागत नाही म्हणून ती बरोबर. स्टॅटिक आयपी घे, आणि राउटरमध्ये सिप एएलजी नावाची गोष्ट चालू असेल तर बंद कर, मदत करायच्या नावाखाली पॅकेटमधले पत्ते बदलून ठेवते ती.

तारखेचं अगदी साधं आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला आहे. यूपीएस संपून मशीन पूर्ण बंद झालं की घड्याळ मागं जातं, सकाळी मशीन उठतं तेव्हा फायबर अजून आलेलं नसतं, मग इंटरनेटवरून वेळ घेणार कुठून. सेल बदल. जुन्या तारखेनं रेकॉर्डिंगही जुन्याच सालाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतात, शोधून हलव, नाहीतर एखाद्या शेतकऱ्यानं भावावरून वाद घातला की कॉल सापडायचा नाही.

दारव्हा_टू_पुणे

भाऊ मालकाचं अगदीच चूक नाही. मी मूळचा तिकडलाच, आता पुण्यात हेच काम करतो. वरच्या उत्तरात जेवढ्या गोष्टी आहेत, सेल, फेलटूबॅन, एक्स्टर्नल ॲड्रेस, यातली एकही गोष्ट क्लाउडवर तुला पाहावी लागत नाही. अपडेट त्यांचं, बॅकअप त्यांचा, मशीनमध्ये रुई घुसणं नाही. तू सुट्टीवर गेला, आजारी पडला, दुसरी नोकरी लागली तर तिथं कोण पाहणार हे सगळं? मालकाच्या जागी बसून विचार कर ना.

बँडविड्थचं टेन्शन नको घेऊ. जी.७११ कोडेकचा (आवाज डेटात बदलायची पद्धत) एक कॉल एका दिशेला साधारण ८० केबीपीएस खातो, जी.७२९ लावला तर २४ च्या आसपास. दहा कॉल एकावेळी धरले तरी एक एमबीपीएसच्या आत, एवढं तर आता गावातल्या फायबरवर आरामात मिळतं. बेस तेच राहतील, फक्त त्यात सर्व्हरचा पत्ता बदलायचा. महिन्याला एक्स्टेन्शनमागं भाडं लागेल, पण तुझा वेळ फुकट आहे का?

प्रेसहाऊस

दारव्हेकर, तुमचं पुण्यात बरोबर आहे. आमच्याकडे रस्त्याचं काम निघालं की जेसीबीवाला पहिले फायबर तोडते, मंग नाली खंदते. फायबर तुटलं की मंग काट्यावरून प्रेसले लागणारा फोन कुठून जाईन, मंबईहून? दीडशे मीटरवरच्या माणसाशी बोलाले मंबईचा रस्ता चालू पाह्यजे, ह्ये काय जमते का जिनिंगमंधी.

मी कॉम्प्युटरवाला नाही, प्रेस हाऊसचा सुपरवायझर होतो, आता रिटायर. पण आमच्याकडे पण असेच फोन होते म्हणून सांगतो आणि रुईगठाण बाबू तू ह्ये नीट वाचजो. तुमी सगळे सर्व्हरचं बोलून रायले. तू लिवलं का सर्व्हर यूपीएसवर आहे. बेस कशावर आहे? पीओई स्विच कशावर आहे? लाईट गेली की बेस बंद होते म्हणजे त्यो यूपीएसवर नाहीच. आता जिनिंगमंधी आग लागली त सगळ्यात पहिले काय करते माणूस? मेन पाडते. मेन पाडली का तुहे सगळे फोन मेले. म्हणजे ज्या घडीले फोन पाह्यजे त्याच घडीले तो नाही, आणि तुहा सर्व्हर ऑफिसमंधी मजेत चालू. सरकीच्या ढिगाले नाहीतर रुईच्या ढिगाले आग लागली त धुरात कोणाले दिसत नाही कोण कुठं आहे. जिनमंधी बाया काम करते, त्याईले बाहीर काढाले हाक पोचली पाह्यजे.

म्हणून स्विच आणि चारही बेस यूपीएसवर टाक. खर्च काहीच नाही. बेस खाते पाच-सहा वॅट. चार बेस आणि स्विच मिळून तीसेक वॅट धर. यूपीएसमंधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी कागदावर ८४ वॅट-अवर असते, हातात अर्धे धर, तरी तासभर निघते. आमी इन्व्हर्टरवर टाकले होते, पण इन्व्हर्टरच्या मागं यूपीएस मोडचं बटन असते, ते नाही दाबलं त लाईट जाताना जो झटका बसते तेवढ्यात बेस आणि कॉम्प्युटर रिस्टार्ट होते. ते बटन कोणीच पाहत नाही.

आन सर्व्हरच्या खोलीत कूलर लावला असन त काढ. मले माहीत आहे, मे महिन्यात ४५ च्या वर जाते, सगळे लावते. पण कूलरची ओल आणि जिनिंगची रुई मिळून फॅनच्या पात्यावर अशी नमद्यासारखी थर बसते का बोटानं सोलून निघते, अख्खीच्या अख्खी, पात्याच्या आकाराची. मंग फॅन घुरघुरते आणि मशीन स्वतःहून बंद पडते. खिडकीले नायलॉनची जाळी आणि साधा एक्झॉस्ट बरा. आणि फिटरले कंप्रेसरची हवा मारू नको देऊ सर्व्हरमंधी. जिनच्या कंप्रेसरच्या लायनीत पाणी असते आणि तेलपण. ब्लोअर मार, तेबी फॅन बोटानं धरून, नाहीत भन्नाट फिरते आणि बेअरिंग जाते.

दारव्हा_टू_पुणे

काका आगीचा मुद्दा मानला. मेन पाडायचं माझ्या डोक्यातच नव्हतं, आमच्याकडे ऑफिस म्हणजे एसी आणि काचा. पण मग दोन्ही करता येतं ना, सर्व्हर लोकल ठेवायचा आणि फायबर तुटलं तर ट्रंक ४जी राउटरवरून जाईल असं करायचं. ट्रंक सर्व्हरच स्वतःहून बाहेर रजिस्टर करतो, त्यामुळं मोबाईल नेटच्या नॅटमागूनही (एकच आयपी अनेकांत वाटलेला असला तरी) बहुतेक चालून जातं.

डेबियनवाला

सगळ्यांनी फोनच्या बाजूचं सांगितलं, आता मी जरा कडू बोलतो.

फ्रीपीबीएक्स १६ म्हणजे खाली सेंटओएस ७ या लिनक्सवर बांधलेली सिस्टिम, आणि सेंटओएस ७ चा सपोर्ट ३० जून २०२४ लाच संपला. म्हणजे तुझ्या सर्व्हरला सुरक्षेचे पॅच येणं बंद आहे. चालतो आहे तोवर चालेल, पण हा सर्व्हर इंटरनेटला चिकटलेला आहे हे विसरू नको. फ्रीपीबीएक्स १७ डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सवर आहे, आणि १६ वरून १७ वर त्याच मशीनवर बसल्या बसल्या उडी मारता येत नाही, नवीन इन्स्टॉल करून जुन्याचा बॅकअप त्यात ओतावा लागतो. म्हणून दुसरं मशीन किंवा निदान दुसरी एसएसडी घे, त्यावर नवीन तयार कर, आणि जुनी एसएसडी कपाटात तशीच ठेव. काही बिघडलं तर पाच मिनिटात जुनी लावून मिल चालू.

आणखी एक. तुझी एक्स्टेन्शनं चॅन-सिपवर (ॲस्टरिस्कमधला सिप चालवणारा जुना भाग) आहेत का पीजेसिपवर (नवा भाग) ते पाहून घे. एजन्सीवाले जुन्या सवयीनं चॅन-सिपवरच करतात. ॲस्टरिस्क २१ पासून चॅन-सिप काढूनच टाकलं आहे, त्यामुळे पहिले जुन्यावरच पीजेसिपवर आण, चारही बेसवर नीट चालतंय हे पाहा, मग हलव. हे सगळं आता सीझनच्या तोंडावर करू नको. तुमच्याकडे कापूस दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत येत राहतो, पावसाळ्यात मिल रिकामी असते तेव्हा कर. आता फक्त बॅकअप घे, आणि बॅकअप त्याच मशीनवर ठेवू नको. हे लिहावं लागतं याचं मला दरवेळी वाईट वाटतं पण दरवेळी लिहावं लागतं.

आता खरा प्रश्न. मालक नागपूरला असताना मोबाईलवर एक्स्टेन्शन घेतात का? घेत असतील तर राउटरमध्ये सिपचा ५०६० पोर्ट बाहेरून उघडा असेल, एजन्सीनं "चालतंय ना" म्हणून उघडून दिलेला. रात्रभर जगातले बॉट त्यावर १०० पासून पुढं एक्स्टेन्शन आणि पासवर्ड ताडून पाहत असतात. एखादा सापडला की रात्री दोन ते पहाटे पाचच्या दरम्यान परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लागतात आणि बिल तुमच्या नावावर. तो पोर्ट बंद कर, मालकाला वायरगार्डचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात यायचा खासगी रस्ता, लावून दे. आणि ट्रंकवाल्याला सांगून आयएसडी बंदच करून घे, जिनिंगच्या काट्यावरून परदेशात कोण फोन करतं.

रेकॉर्डिंग चालू असेल तर डिस्क पण पाहा. साध्या वेव्ह फाईलमध्ये तासाला साधारण ५८ एमबी जातात, सीझनमध्ये दिवसभर फोन चालू असले की एसएसडी कधी भरली कळत नाही, आणि डिस्क शंभर टक्के भरली की डेटाबेस पडतो, मग सगळंच विचित्र वागतं. वेव्ह४९, म्हणजे दाबून छोटी केलेली फाईल, ठेवली तर एक दशांश जागा लागते, आवाज थोडा डबड्यातला येतो पण भाव ऐकू येतो.

रुईगठाण

मंडळी, सापडलं! काल संध्याकाळी लाईट गेली-आली, लगेच इंट्रूजन डिटेक्शन उघडलं आणि बंदीच्या यादीत जिन हाऊसचा बेस बसलेला. नागपूरकर पैज जिंकले. लॉगमध्ये एकच एक्स्टेन्शन, २०७, परत परत. मी तर २०७ कोणालेच दिला नाही. विचारलं तर समजलं मागच्या सीझनच्या ग्रेडर साहेबांचा होता, ते गेले, एजन्सीनं सर्व्हरमधून एक्स्टेन्शन काढलं आणि बेसमध्ये तसंच ठेवलं. तो हँडसेटपण सापडला, प्रेसच्या ड्रॉवरमध्ये बॅटरी फुगलेला. बेसमधून २०७ उडवला, मग मुद्दाम स्विच बंद-चालू केला, जिनवाले फोन मिनिट-दोन मिनिटात लागले.

सेलपण बदलला. स्टॅटिक आयपीसाठी फायबरवाल्याले सांगितलं, तो "पाहतो" म्हणाला, म्हणजे पाहायचंच आहे.

डेबियनवाले साहेब, ५०६० उघडाच निघाला हो. बाहेरून येणाऱ्यांची नोंद पाहिली त डोळे पांढरे झाले, कुठून कुठून येऊन रायले. बंद केला. मालक आता चिडले की मोबाईलवर एक्स्टेन्शन लागत नाही, वायरगार्ड लावून देतो म्हटलं.

प्रेसहाऊस काका, तुमचं वाचून मी सरळ जाऊन स्विचची वायर कुठं जाते ते पाह्यलं. साध्या सॉकेटवर. यूपीएस मागवला. आणि फॅनवरचा नमदा खराच निघाला, अख्खा, पात्याच्या आकाराचा. दिवाणजीले दाखवला, ते म्हणे हा तर गठाणीत टाक.

आता दोन गोष्टी विचारतो. एक म्हणजे प्रेस हाऊसच्या मागच्या ढिगापाशी आवाज तुटतो, पाचवा बेस लावू का? मालकाचा भाचा अमेरिकेत आहे, तो येताना तिथले डेक्ट ६.० चे सेट स्वस्तात आणतो म्हणते. दुसरं, आगीसाठी फोनवर वेगळं काही करता येते का?

नेटवर्क_नागपूर

भाच्याला चॉकलेट आणायला सांग, सेट नको. अमेरिकेचं डेक्ट ६.० १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतं, आणि आपल्याकडे तो पट्टा मोबाईल कंपन्यांच्या २१०० च्या बँडमध्ये येतो, म्हणजे टॉवरमध्ये गडबड करशील आणि कोणी तपासायला आलं तर उत्तर द्यावं लागेल. शिवाय तुझे बेस १८८० ते १९०० वरचे असणार, ते एकमेकांना ओळखणारच नाहीत. भारतासाठी मंजुरी असलेलाच, तुझ्या सध्याच्या बेसच्याच कंपनीचा आणि सिरीजचा घे.

पाचवा लावायच्या आधी एक समजून घे. मल्टिसेलमध्ये, म्हणजे अनेक बेस मिळून एकच सिस्टिम असते तिथे, बेस एकमेकांकडून हवेतूनच ताल पकडतात. ऑफिसचा मुख्य असेल तर काट्याचा त्याच्याकडून, जिनचा काट्याकडून, प्रेसचा जिनकडून, अशी साखळी असते. पत्र्याच्या भिंतीआड बेसला बेस ऐकू आला नाही तर नवीन बेस दिवा लावून बसेल पण चालता-बोलता कॉल त्यावर सरकणार नाही, तुटेल. त्यामुळे ढिगाच्या मागं टोकाला नको, प्रेस हाऊसच्या दाराबाहेर, जिनचा किंवा प्रेसचा बेस तिथून दिसेल अशा ठिकाणी लाव. बेसच्या वेबपानावर सिंकची (ताल जुळण्याची) पातळी दिसते, ती पाहून मगच स्क्रू मार. साखळी शक्य तितकी छोटी ठेव, जिनचा बेस गेला तर त्याच्या मागचे सगळे लटकतात.

तिथपर्यंत वायर ओढायची असेल तर तांब्याची नको. एक तर इथरनेट १०० मीटरच्या पुढं जात नाही, आणि दोन शेडांच्या मध्ये पत्र्यावरून गेलेली तांब्याची केबल म्हणजे जूनच्या पहिल्या कडकडाटात स्विचचा पोर्ट आणि बेसचा पोर्ट दोन्ही जाणार. ऑप्टिकल फायबर टाक, दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि इथरनेट जोडणारे डबे), आणि लांबच्या टोकाला बेसला करंट देणारा पीओई इंजेक्टर, तोही यूपीएसवर. अर्थिंग पण एकदा मीटरनं पाहा, न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टच्या वर दिसलं तर वायरमनला बोलव.

आगीसाठी पेजिंग ग्रुप कर. एक सोपा नंबर ठेव, तो दाबला की १४ ही हँडसेट आपोआप उचलले जाऊन स्पीकरवर आवाज जाईल. तुझे हँडसेट ऑटो-आन्सर मानतात का ते आधी पाहा, काही मानत नाहीत, मग निदान सगळे एकदम वाजतील असा रिंग ग्रुप. आणि आउटबाउंड रूटमध्ये (बाहेर जाणाऱ्या कॉलचे नियम) १०१ आणि ११२ आहेत का ते बघ, बऱ्याच जागी फक्त दहा आकडी नंबराचेच पॅटर्न टाकलेले असतात आणि हे तीन आकडी नंबर लागतच नाहीत. हे दोन्ही लँडलाईनच्या गेटवेवरून पहिले जातील असं लाव, म्हणजे फायबर असो नसो. एफएक्सओ गेटवे पण यूपीएसवर, तो सगळे विसरतात.

प्रेसहाऊस

हाव, आणि त्यो नंबर कागदावर लिवून प्रत्येक शेडात चिकटव, मोठ्या अक्षरात. नवीन हमाल येते दरसाली, त्याईले कोण सांगते.

आन एक करजो बाबू. यूपीएस आला का मिल चालू व्हायच्या आधी खरोखर मेन पाडून पाहजो. कागदावर तासभर अन् खऱ्यात दहा मिनिट, असं लय पाह्यलं मी. बॅटरी ऊनात बसली असन त तिचं आयुष्य अर्धं होते, २५ डिग्रीच्या वर दर १० डिग्रीले अर्धं म्हणते ना ते. पत्र्याच्या शेडात टांगला असन त दर दोन सीझनले बदलच.

डेबियनवाला

काकांना एवढं कसं माहीत हो? आमच्याकडचे इंजिनिअर हे पाळत नाहीत.

प्रेसहाऊस

बॅटरी माह्या पैशानं बदलत होतो म्हणून.

रुईगठाण

रविवारी मिल बंद आहे, तेव्हा मेन पाडून पाहतो. प्रत्येक शेडात एक माणूस हँडसेट घेऊन उभा करतो आणि पेजिंगचा नंबर ऑफिसातून दाबतो, कोणाच्या फोनवर वाजलं नाही ते लिहून घेतो. वायरमन काका तयार आहेत, फक्त मेन पाडायच्या आधी चहा आणि पाडल्यावर परत चहा असं ठरलं. मालकाले अजून क्लाउडच पाह्यजे, पण त्याईले म्हटलं पहिले रविवारची टेस्ट पाहून घ्या. १०१ खरंच लागते का ते नगर परिषदेच्या अग्निशमनवाल्यांले आधी सांगून ठेवूनच पाहीन, नाहीत गाडी येऊन उभी राहीन गेटवर.